लाल टोपीवालीच्या गोष्टीतला लांडगा खरा कोण?

लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट शाळेच्या पुस्तकांमुळे म्हणा, कार्टूनमुळे म्हणा, आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. आजी आजारी, मुलगी खाऊची टोपली घेऊन जंगलातून निघते, वाटेत लांडगा भेटतो, तो आधी पोचून आजीला गिळतो, तिचे कपडे घालून पांघरुणात झोपतो, मग ते "आजी तुझे डोळे एवढे मोठे कसे" चालतं आणि शेवटी शिकारी येऊन त्याचं पोट फाडून दोघींना बाहेर काढतो. लहानपणी एक गोष्ट कुणालाच खटकत नाही. हा लांडगा दार वाजवतो, आवाज बदलून बोलतो, बाईचे कपडे घालतो, पलंगावर वाट बघत पडून राहतो. जनावर असं वागत नाही, माणूस वागतो. आणि या गोष्टीचं फ्रान्सच्या खेड्यांत तोंडी चालत आलेलं जे रूप नोंदवून ठेवलंय, त्यात तो खरोखरच अर्धा माणूस आहे, वेअरवुल्फ आहे.

वेअरवुल्फ म्हणजे लांडगा होऊ शकणारा माणूस, एवढं आपल्याला सिनेमांमुळे माहीत असतं. पण परीकथांमध्ये, आणि त्या कथा नव्याने सांगणाऱ्या लेखकांकडे, त्याचा काय अर्थ लावायचा यावर इतकं काही लिहिलं गेलंय की नवीन वाचणारा गोंधळून जातो. कुणी म्हणतं तो बलात्कारी पुरुष, कुणी म्हणतं मुलीची स्वतःचीच वासना, कुणी म्हणतं गावाने वाळीत टाकलेला माणूस. माझं म्हणणं असं की आधीच एक अर्थ धरून बसायचंच नाही, प्रत्येक वेळी एवढंच बघायचं की सांगणाऱ्याने या गोष्टीतला माणूस कुठे ठेवलाय आणि जनावर कुठे. ही रेघ सरकली की गोष्टीतले प्रसंग तेच राहूनही अर्थ पार बदलतो.

तर ते तोंडी रूप आधी. मध्य फ्रान्समध्ये निएव्र नावाचा भाग आहे, तिथे आशिल मिलियँ नावाचा एक कवी लोककथा गोळा करायचा, त्याने १८८५ च्या सुमारास गावकऱ्यांच्या तोंडून ही गोष्ट उतरवून घेतली आणि पुढे १९५० च्या दशकात पॉल दलारू या अभ्यासकामुळे ती सगळ्यांसमोर आली. एका बाईने पाव भाजलेत, ती पोरीला सांगते की हा गरम पाव आणि दुधाची बाटली आजीला देऊन ये. दोन वाटा फुटतात तिथे पोरीला ब्झू भेटतो, तिकडच्या बोलीत वेअरवुल्फला ब्झू म्हणतात, आणि तो विचारतो कुठल्या वाटेने जाणार, सुयांच्या की टाचण्यांच्या. ती म्हणते सुयांच्या. ती वाटेत सुया वेचत रमते, तोवर हा टाचण्यांच्या वाटेने पुढे जाऊन आजीला मारतो, तिचं थोडं मांस कपाटात ठेवतो आणि रक्त बाटलीत भरून फळीवर ठेवतो. पोरगी आली की म्हणतो, भूक लागली असेल ना, ते मांस खा, ती वाइन पी. ती खाते. घरातलं मांजर तिला शिवी घालून म्हणतं की ही बघा, आपल्याच आजीला खातेय.

मग तो तिला कपडे काढून अंथरुणात यायला सांगतो आणि ती एकेका कपड्याला विचारत जाते, एप्रन कुठे ठेवू, झगा कुठे ठेवू, मोजे कुठे ठेवू, आणि दर वेळी उत्तर एकच, आगीत टाक बाळ, आता तुला त्याची गरज लागणार नाही. अंथरुणात शिरल्यावर तिचं पहिलं वाक्य डोळ्यांबद्दल नाही की दातांबद्दल नाही, ती म्हणते आजी तू किती केसाळ आहेस गं. आणि जेव्हा कळतं की आता हा आपल्याला खाणार, तेव्हा ती रडत नाही, किंचाळत नाही, म्हणते मला परसाकडला जायचंय. तो म्हणतो इथेच कर. ती म्हणते छे, बाहेरच जायचंय. शेवटी तो तिच्या पायाला लोकरीचा धागा बांधून सोडतो, ती बाहेर जाऊन तो धागा प्लमच्या झाडाला बांधते आणि घराकडे पळत सुटते. तो मागे येतो पण तोवर ती घरात शिरलेली असते. गोष्ट संपली. शिकारी नाही, लाल टोपी नाही, आईचं ऐकलं नाहीस म्हणून असं झालं हेही नाही. मला हे रूप सगळ्यात जास्त आवडतं, कारण यात पोरगी स्वतःच्या डोक्याने सुटते आणि तेही इतक्या साध्या, कुणालाही सुचेल अशा बहाण्याने.

सुया-टाचण्यांचं काय? यावर इव्हॉन व्हेर्दिए या फ्रेंच अभ्यासक बाईंनी फार सुंदर काम केलंय. खेड्यातल्या बायकांचं जगणं त्यांनी जवळून पाहिलं होतं, आणि त्यांनी दाखवलं की तिकडे मुली वयात यायच्या सुमाराला एखाद्या हिवाळ्यात शिवणकाम करणाऱ्या बाईकडे जायच्या, शिवण शिकायचं हे निमित्त, खरं म्हणजे नटायला-सवरायला आणि बाईमाणसासारखं वागायला शिकायचं. टाचण्या हे तरुण मुलीचं लक्षण, मुलं मुलींना टाचण्या भेट द्यायची. सुई दोरा हे जाणत्या बाईचं. म्हणजे ब्झू ज्या फाट्यावर उभा आहे तो मुलगी बाई होते त्या वयाचा फाटा आहे. आणि आजीला खाणं, जे आपल्याला इतकं किळसवाणं वाटतं, त्याचा व्हेर्दिए असा अर्थ लावतात की घरातली म्हातारी बाई जाते आणि तिच्यातलं बाईपण नातीत उतरतं, एका पिढीची जागा दुसरी घेते, आणि हे गोडीगुलाबीने होत नसतं. हा अर्थ मला पटतो, कारण तो गोष्ट सांगणाऱ्या बायकांच्या रोजच्या आयुष्यातून काढलाय, वरून चिकटवलेला नाही.

इथे एक सावधगिरी. ही नोंद फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ मधल्या छापील गोष्टीनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी झालेली आहे, त्यामुळे हीच मूळ गोष्ट आणि पेरोने ती बिघडवली असं छातीठोक सांगता येत नाही. पण आजीचं मांस आणि दोन वाटा यांसारखे पेरोकडे नसलेले भाग फ्रान्सच्या वेगवेगळ्या तोंडी रूपांत सापडतात, म्हणून बरेच अभ्यासक मानतात की ही धार त्याच्या आधीपासून स्वतंत्र वाहत होती. आणि गोष्ट स्वतः तर फारच जुनी असावी. २०१३ मध्ये डरहम विद्यापीठाच्या जेमी तेहरानी यांनी या गोष्टीच्या आणि तिच्या नातेवाईक गोष्टींच्या ५८ रूपांची तुलना जीवशास्त्रज्ञ प्राण्यांची वंशावळ काढतात त्याच पद्धतीने केली होती, त्यातूनही तेच दिसलं.

आता पेरोच्या आधीचा, सोळाव्या-सतराव्या शतकांचा काळ बघा, कारण त्या काळात वेअरवुल्फ हा फक्त गोष्टीतला प्राणी नव्हता, कोर्टात उभा केला जाणारा आरोपी होता. फ्रान्सच्या पूर्वेकडे दोल गावाजवळ जिल गार्निए नावाचा गावापासून लांब राहणारा, अतिशय गरीब माणूस मुलांना मारून खाल्ल्याच्या आरोपावरून १५७४ मध्ये जाळला गेला. जर्मनीत कोलोनजवळ बेडबुर्गला १५८९ मध्ये पेटर श्टुंपला चाकाला बांधून हाल हाल करून मारलं, त्याच्या तोंडून म्हणे कबुली आली होती की सैतानाने आपल्याला एक पट्टा दिलाय, तो बांधला की आपण लांडगा होतो, पण ती कबुली छळ करून काढलेली होती. त्याच्याबरोबर त्याची मुलगी आणि एक बाई, दोघींनाही मारलं. बोर्दोमध्ये १६०३ साली मात्र वेगळं घडलं, झाँ ग्रेनिए हा तेरा-चौदा वर्षांचा गुराखी पोरगा स्वतःच सांगत सुटला होता की जंगलातल्या एका मालकाने मला लांडग्याचं कातडं दिलंय, आणि तिथल्या न्यायाधीशांनी ठरवलं की हा पोरगा भ्रमात आहे, त्याला जाळू नका, मठात ठेवा. तीसच वर्षांत सैतानापासून मनाच्या आजारापर्यंत हा प्रवास झाला.

या खटल्यांत वारंवार दिसतं की पकडला जाणारा माणूस गावाच्या कडेला राहणारा, गरीब, विक्षिप्त, कुणाचाच नसलेला असतो. मुलं खरंच मरत होती, कधी खऱ्या लांडग्यांमुळे, कधी उपासमारीने, कधी एखाद्या खऱ्या खुन्यामुळे, आणि गावाला कुणीतरी नाव असलेला दोषी हवा होता. हे लक्षात ठेवा, खाली इंग्लिश लेखिका अँजेला कार्टरच्या गोष्टीत ते परत येणार आहे.

१६९७ मध्ये शार्ल पेरोने पॅरिसमध्ये आपलं परीकथांचं पुस्तक छापलं. चौदाव्या लुईच्या सरकारात नोकरी केलेला, बड्या लोकांच्या दिवाणखान्यांत उठबस असलेला माणूस. त्याच्या गोष्टीत मांस-रक्त नाही, परसाकडला जाण्याचा बहाणा नाही, केस नाहीत, लाल टोपी मात्र आहे, आणि ब्झूच्या जागी साधा लांडगा आहे. मुलगी कपडे काढून अंथरुणात जाते आणि खाल्ली जाते, संपलं, कुणीही वाचवायला येत नाही. पण खरी चलाखी शेवटच्या कवितेत आहे. तिथे तो सांगतो की सगळे लांडगे एका जातीचे नसतात, काही फार सभ्य असतात, गोड बोलणारे, चिडत नाहीत, आरडाओरडा करत नाहीत, तरुण मुलींच्या मागे मागे घरापर्यंत जातात, आणि तेच सगळ्यात घातक. म्हणजे गोष्टीतून माणूस काढला आणि तात्पर्यात परत घातला. खेड्यातला वेअरवुल्फ अंगावर केस असलेला होता, हा शहरातला. पेरोने धोका अचूक ओळखलाय याबद्दल वाद नाही, पण पळून जायची वाट त्याने मुलीच्या हातातून काढून घेतली आणि जबाबदारी मात्र तिच्यावरच ठेवली, तू बोललीस म्हणून झालं. हे वाक्य आजही पोलीस स्टेशनपासून नातेवाइकांपर्यंत किती जणांच्या तोंडी असतं ते मुलींना विचारा.

परीकथा गोळा करणाऱ्या जर्मनीतल्या ग्रिम बंधूंवर जास्त थांबत नाही. १८१२ च्या त्यांच्या पहिल्या खंडात ही गोष्ट आली, ती त्यांना कासेल शहरातल्या हासेनफ्लूग कुटुंबातल्या मुलींकडून मिळाली, आणि या कुटुंबाची मुळं आईकडून फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट लोकांत होती, त्यामुळे पेरोची सावली तिच्यावर पडणं साहजिकच. यात आई बजावते की वाट सोडू नकोस, मुलगी फुलं तोडायला वाट सोडते, शिक्षा होते, शिकारी वाचवतो. वासना जवळजवळ पुसली गेली, उरली ती आज्ञा मोडण्याची गोष्ट, आणि लांडगा पूर्ण जनावर झाला. पुढे दुसरा लांडगा येतो आणि या वेळी आजी-नात मिळून त्याला सॉसेज उकळलेल्या पाण्याच्या हौदात बुडवून मारतात, हा शेपटाचा भाग मुलांच्या पुस्तकांत सहसा नसतो, तो असायला हवा होता.

म्हणूनच अर्थ लावताना कुठलं रूप हातात आहे ते आधी बघावं लागतं. एरिक फ्रॉम या नावाजलेल्या मानसतज्ज्ञाने १९५१ मध्ये लिहिलं की लाल टोपी म्हणजे मासिक पाळी. ऐकायला झकास वाटतं. पण रॉबर्ट डार्नटन या इतिहासकाराने नंतर दाखवून दिलं की शेतकऱ्यांच्या तोंडी गोष्टीत लाल टोपीच नाही, ती पेरोकडून आलेली, मग लोकमनाचं गुपित म्हणून तिचा अर्थ काढायचा तरी कसा? त्यात अजून एक गंमत, अकराव्या शतकात लिएजच्या एग्बर्ट नावाच्या शिक्षकाने एक लॅटिन कविता लिहिली होती, तिच्यात लाल कपडा घातलेली छोटी मुलगी लांडग्याच्या तावडीतून सुखरूप सुटते, आणि तिथे तो लाल कपडा तिला बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेला आहे. तोच रंग, तोच लांडगा, आणि अर्थ धर्माचा.

टोपीपेक्षा मला कपडे जास्त महत्त्वाचे वाटतात. वेअरवुल्फच्या जुन्या गोष्टींत कपडे म्हणजे माणूसपण. बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने बिस्क्लाव्रेची गोष्ट सांगितली, त्यात एक भला सरदार आठवड्यातले तीन दिवस गायब असतो, बायको खोदून खोदून विचारते तेव्हा सांगतो की मी जंगलात जाऊन लांडगा होतो आणि माझे कपडे एका ठिकाणी लपवलेले असतात, ते गेले तर मी कायमचा लांडगा राहीन. बायको घाबरून एका दुसऱ्या सरदाराकडून ते कपडे चोरवते. पुढे राजा शिकारीला येतो तेव्हा हा लांडगा जवळ येऊन राजाच्या पायाचं चुंबन घेतो, राजा त्याला दरबारात ठेवतो, तो सगळ्यांशी इतका नीट वागतो की लोकांचा लाडका होतो. फक्त त्या सरदारावर धावून जातो आणि बायको दिसल्यावर तिचं नाक तोडतो. मग एक शहाणा माणूस म्हणतो की एरवी इतकं सभ्य असलेलं जनावर उगाच असं करणार नाही, चौकशी करा. कपडे परत मिळतात, आणि तो चारचौघांत बदलायला तयार नसतो, त्याला एकट्याला खोली द्यावी लागते. इथे लांडग्याच्या कातड्यात माणूस शाबूत आहे. आता ब्झूच्या घरातली आग आठवा, एकेक कपडा जळतो तशी ती पोरगी माणसांच्या जगातून बाहेर काढली जात असते.

हे सगळं जिला पक्कं माहीत होतं ती अँजेला कार्टर, १९४० ते १९९२, इंग्लिश लेखिका. तिने १९७७ मध्ये पेरोच्या गोष्टींचा अनुवाद केला आणि १९७९ मध्ये 'द ब्लडी चेंबर' हा स्वतःचा संग्रह काढला, त्यातल्या शेवटच्या तीन गोष्टी लांडग्यांच्या. तिन्हींत रेघ वेगळ्या ठिकाणी आहे.

पहिली 'द वेअरवुल्फ', जेमतेम दोन-तीन पानांची. थंड, गरीब, उत्तरेकडचा मुलूख, सुरुवातीलाच सांगितलंय की इथे एखाद्या म्हातारीचं चीज शेजाऱ्यांच्या आधी मुरलं तरी तिला चेटकीण ठरवून, अंगावर खूण शोधून दगडांनी मारतात. मुलगी बापाचा शिकारीचा सुरा घेऊन आजीकडे निघते, लांडगा अंगावर येतो, ती त्याचा पुढचा पंजा कापते आणि फडक्यात बांधून घेते. आजीच्या घरी आजी तापाने फणफणलेली, फडकं उलगडलं तर पंजाच्या जागी माणसाचा हात, बोटात लग्नाची अंगठी आणि एका बोटावर चामखीळ. आजीचा हात मनगटापासून तुटलेला. मुलगी ओरडते, शेजारी येतात, म्हातारीला बर्फातून हाकलत नेऊन दगडांनी मारतात. आणि मुलगी आजीच्या घरात राहायला लागते, तिचं चांगलं चालतं. तुटलेला पंजा आणि अंगठी हे कार्टरने शोधलेलं नाही, आँरी बोगे या चेटूक खटले चालवणाऱ्या न्यायाधीशाने अगदी असाच किस्सा सोळाव्या शतकाच्या शेवटचा म्हणून लिहून ठेवलाय. पण तिने तो अशा गावात ठेवलाय जिथे दोषी म्हातारी ठरवायला चामखीळ पुरते, आणि शेवटी घर कुणाला मिळालं ते सांगितलंय. मग आजी खरंच लांडगा होती का, की पोरीला घर हवं होतं? गोष्ट उत्तर देत नाही. व्हेर्दिएंनी सांगितलेली ती पिढीची जागा घेणं इथे नुसतं क्रूर होऊन समोर येतं, आणि मला तर ही त्या तिन्हींतली सगळ्यात भयंकर गोष्ट वाटते, कारण यात लांडगा असलाच तर तो गावात आहे.

दुसरी 'द कंपनी ऑफ वुल्व्ज', जिच्यावरून १९८४ मध्ये नील जॉर्डनचा सिनेमा निघाला. इथे परत कपड्यांची आग आहे. तरुण, देखणा शिकारी होकायंत्र घेऊन पैज लावतो, आधी पोचतो, आजीला खातो. मुलगी येते, खिडकीबाहेर थंडीत लांडगे ओरडत असतात आणि तिला त्यांची दया येते, गारठलेत बिचारे म्हणून. मग ती स्वतःचे कपडे स्वतःच्या हाताने आगीत टाकते, तो म्हणतो तुला खायला माझे दात मोठे, आणि ती खो खो हसते, कारण तिला माहीत असतं की ती कुणाचं मटण नाही. नंतर त्याचा सदराही तीच काढून आगीत फेकते. आणि कपडे जळाले की वेअरवुल्फ कायमचा लांडगा राहतो हे त्याच गोष्टीत आधी सांगून ठेवलेलं असतं. म्हणजे दुहेरी तोंडाचा सभ्य माणूस तिने संपवला, उरलेल्या जनावराची तिला भीती नाही. याच गोष्टीत ते वाक्य आहे की सगळ्यात वाईट लांडग्यांचे केस आतल्या बाजूला असतात, आणि त्यामागे पण जुनी समजूत आहे, १५४१ मध्ये इटलीत पाव्हियाला एका माणसाने म्हणे सांगितलं की माझे केस आत वाढतात, आणि लोकांनी खात्री करायला त्याचे हातपाय कापले, तो मेला.

तिसरी 'वुल्फ-अ‍ॅलिस' थोडक्यात सांगते, लांडग्यांनी वाढवलेली मुलगी एका प्रेतं खाणाऱ्या ड्यूकच्या वाड्यात राहते आणि पाळी, आरसा, एक जुना झगा यांतून हळूहळू तिला 'मी' म्हणजे काय ते कळत जातं. इथे जनावराकडून माणूस होण्याचा रस्ता आहे, आणि तो माणसांनी शिकवलेला नाही.

पौर्णिमा आणि चावल्याने लागण या गोष्टी आपल्या डोक्यात इतक्या घट्ट बसल्यात त्या मुख्यतः हॉलिवूडमुळे, खास करून १९४१ चा 'द वुल्फ मॅन' आणि त्याचे पुढचे भाग यांमुळे. 'द वुल्फ मॅन'चा पटकथाकार कर्ट सिओडमाक हा नाझी जर्मनी सोडून आलेला ज्यू माणूस होता. त्या सिनेमातला लांडगा स्वतः बळी आहे, त्याला कळतं आपण काय करतोय आणि थांबता येत नाही. म्हणून परीकथेतला वेअरवुल्फ वाचताना पौर्णिमा शोधू नका, कपडे, वाट, दार, अंथरूण हे शोधा.

कार्टरवर स्त्रीवादी समीक्षकांनीही टीका केलीय, की 'द कंपनी ऑफ वुल्व्ज'मधली मुलगी शेवटी लांडग्याच्याच कुशीत झोपते, मग त्यात सुटका कसली, चौकट पेरोचीच राहिली की. हा आक्षेप हलका नाही. ज्या घरात नुकतंच आजीला खाल्लंय, तिची हाडं पलंगाखाली वाजतायत, तिथे हा प्रेमाचा शेवट मला दर वाचनात टोचतो, आणि तरीही मी त्या गोष्टीच्या बाजूने आहे, कारण तिने घाबरणं हा मुलीचा स्वभाव असतो हे गृहीतच उडवून लावलं. निएव्रची पोरगी पळाली, कार्टरची हसली, पेरोच्या मुलीला या दोन्हींतलं काहीच करू दिलं नव्हतं.

वाचायचं असेल तर 'द वेअरवुल्फ' आणि 'द कंपनी ऑफ वुल्व्ज' पाठोपाठ वाचा, संग्रहात त्या तशाच लागून आहेत. आधीच्या गोष्टीत आजीला मारून घर मिळवणारी मुलगी भेटते, आणि ती डोक्यात ताजी असतानाच दुसरीतली मुलगी तिचा तो खिडकीबाहेरच्या लांडग्यांचा कळवळा घेऊन येते, तर दोघींपैकी कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवताना पुष्कळ भांडण होतं, निदान आमच्या वाचन ग्रुपमध्ये तरी दर वेळी होतं, आणि अजून एकमत झालेलं नाही.